टेकचंदची बायको आणि द्विपक्षीय संबंध

बायको माहेरी गेली की ती परत येते, अशी भंडारा जिल्ह्यात पूर्वापार समजूत आहे. याच समजुतीवर विसंबून साकोली तालुक्यातल्या बेलटोल्याच्या टेकचंदने सत्त्याहत्तर सालच्या दिवाळीत आपली बायको बेबी हिला भाऊबीज आणि मंडईच्या जत्रेसाठी माहेरी, म्हणजे कुकडगोंदीला, नेऊन सोडलं.

दोन्ही गावांच्या मधे फक्त एक नाला. बेलटोल्यात मिरचीची फोडणी दिली की कुकडगोंदीत शिंका येतात, एवढंच अंतर. नाल्यात तेव्हा गुडघाभर पाणी होतं. टेकचंदने सायकल खांद्यावर घेतली, गाठोडं बायकोच्या डोक्यावर राहू दिलं आणि पलीकडच्या काठावर सायकल टेकवून तो म्हणाला, "मंडई झाली का येतो न्यायले."

"निरोप आल्याबिगर नोका येऊ," बेबी म्हणाली. "बाबा म्हणतीन, जवाई लय उतावळा हाये."

"तू लवकर निरोप धाडजो मंग."

"मी कायले धाडू? थो बाबाचा मान हाये."

इथे या भागातली रीत सांगणं भाग आहे. लेक माहेरी आली की माहेरच्यांनी निरोप धाडायचा, "लेक तयार आहे, घेऊन जा." मग सासरच्यांनी न्यायला यायचं. निरोपाआधी न्यायला गेलं तर जावई हपापलेला ठरतो. न्यायला कोणी आलेलं नसताना लेक धाडली तर माहेरच्यांना ती जड झाली असं होतं. आणि सून आपल्या पायांनी एकटीच परत आली, तर दोन्ही घरांची नाकं एकाच वेळी कापली जातात. पण या रिवाजाचा कोणाला कधी त्रास झाला नव्हता. निरोप नाल्यावर जायचा. धुणं आपटता आपटता त्या काठची बाई ह्या काठच्या बाईला ओरडून सांगायची, आणि पिळलेलं लुगडं वाळायच्या आत जावई सायकल पुसायला घ्यायचा.

घोटाळा झाला तो मंडईच्याच आठवड्यात. तोवर दोन्ही गावांची मिळून एकच गट ग्रामपंचायत होती. तिचे दोन तुकडे करावेत अशी मागणी दोन्ही गावं कित्येक वर्षं करत होती, आणि अर्थातच ती कधी मान्य होणार नाही या पक्क्या भरवशावर करत होती. सरकारने विश्वासघात केला. मागणी मान्य झाली.

मग मालमत्तेची वाटणी झाली. वाटणी न्याय्य असावी म्हणून एकही वस्तू संपूर्णपणे कोणा एकाला मिळू नये असं ठरलं. कपाट कुकडगोंदीला गेलं, किल्ली बेलटोल्याला. पंचायतीचा रेडिओ बेलटोल्याला आला, त्याची बॅटरी कुकडगोंदीला गेली. जन्माचं रजिस्टर कुकडगोंदीला मिळालं आणि मृत्यूचं बेलटोल्याला. त्यामुळे त्या दिवसापासून बेलटोल्यात कोणालाही जन्मता येईना आणि कुकडगोंदीत कोणालाही मरता येईना. ही गैरसोय कुकडगोंदीला सुरुवातीला फारशी जाणवली नाही.

बेलटोल्याचे सरपंच झाले मधुकरराव. कुकडगोंदीचे झाले गोमाजी, आणि गोमाजी म्हणजे बेबीचे वडील. आपला सासरा रातोरात परक्या सत्तेचा प्रमुख झाला आहे, ही गोष्ट टेकचंदला जरा उशिराच कळली.

मंडई झाली. रिवाजाप्रमाणे कुकडगोंदीच्या विमलाबाईने नाल्यावरून हाक दिली, "मनकर्णाबाई वं! गोमाजीभाऊनं सांगतलं, लेक तयार हाये, घेऊन जा!" मनकर्णाबाई म्हणजे टेकचंदची आई. तिने घरी येऊन सांगितलं, टेकचंदने सायकल पुसली, दाढी केली, तेल लावून भांग पाडला आणि तो निघाला. वाटेत पंचायतीसमोर त्याला थांबवण्यात आलं.

पंचायतीच्या ओट्यावर मधुकरराव बसले होते. त्यांच्या शेजारी भैय्याजी होते. राज्यशास्त्र जाणणारा बेलटोल्यात हा एकच माणूस. भैय्याजी नागपूरला राज्यशास्त्र घेऊन बी.ए.ला बसले होते आणि तसेच उठून आले होते. त्यांच्याजवळ स्वतःचा ट्रान्झिस्टर होता. त्यावरच्या बातम्या ऐकून ऐकून त्यांना शिष्टमंडळ, शिखर परिषद, सौहार्द असे शब्द येऊ लागले होते, आणि ते वापरायला त्यांच्याजवळ आजवर देश नव्हता. तो आता सापडला होता.

"कुठं निघाला गा?" मधुकररावांनी विचारलं.

"सासऱ्याकडं. बायको आणतो."

"कोणत्या गावाहून?"

"असं काय विचारता जी? कुकडगोंदीहून."

भैय्याजींनी डोळे मिटून मान हलवली. "अशा नावाच्या पंचायतीला आपण अजून मान्यता दिलेली नाही."

"मान्यता नाही? दिसून राहिली ना थे! थो पाहा धूर. माह्या सासऱ्याच्याच घरचा हाये."

"दिसणं वेगळं, मान्यता वेगळी. चंद्र बी दिसते."

"चंद्रावर माही बायको नाही जी."

"हे पाहा टेकचंद," भैय्याजी समजुतीने म्हणाले, "आज तू तिथं गेला आन् बायको मागतली, तर त्याचा अर्थ असा होते का बेलटोल्यानं कुकडगोंदीचं अस्तित्व कबूल केलं. जे गाव नाहीच, त्या गावातून तू बायको कशी आणशीन? तत्त्वाचा प्रश्न हाये."

"पण निरोप आला ना! विमलाबाईनं हाक दिली."

"विमलाबाई कोण? तिच्याजवळ अधिकारपत्र हाये? उद्या कोणी बी बाई धुणं धुता धुता युद्ध पुकारन, मंग?"

मधुकररावांना टेकचंदची दया आली. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुही बायको म्हणजे आमची सून, बाबू. आमाले काय समजत नाही? पण गाव आधी."

टेकचंद भांग पाडलेला तसाच घरी परतला. आई भाताला आधण ठेवून बसली होती. तिघांचं आधण होतं.

"कुठं हाये थे?"

"थे गाव नाही म्हणते, माय."

"कोणतं गाव नाही?"

"तिचं."

मनकर्णाबाईने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "वा रे गाववाले! गाव नाही तर मंडईचे वडे कोणाच्या घरी खाल्ले मेल्यायनं?"

पण बेलटोल्यात बाईचं मत आणि परराष्ट्र धोरण या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. धान कापणीला आलं, कापलं, बांधलं, मळलं. टेकचंद सकाळी धानाच्या बांधीवर राबायचा आणि संध्याकाळी नाल्यावर जाऊन उभा राहायचा. पलीकडे बेबी यायची, पाण्याचा गुंड भरायची, घटकाभर इकडे पाहायची. दोघांना एकमेकांशी बोलता येईल एवढंच अंतर होतं. पण आता ते अनधिकृत संपर्कात मोडत होतं, आणि भैय्याजी काठावर बसून संध्याकाळचेही दात घासत असायचे.

वर्षभर धोरण खंबीर राहिलं. मग मधुकररावांना नातू झाला आणि धोरणात लवचिकता आली.

नातू धडधाकट होता, रडत होता, दूध पीत होता. पण तो जन्मला असं लिहिणार कुठे? रजिस्टर कुकडगोंदीत. त्याच सुमारास तिकडे गोमाजींची म्हातारी आत्या वारली. तिची माती झाली, तेरवी झाली, पंगती उठल्या. पण दप्तराप्रमाणे आत्या ठणठणीत होती, आणि तिच्या नावाचं रेशनही नियमित येत होतं. गोमाजींचा अप्रामाणिकपणाला विरोध होता. रेशन उचलताना ते दर वेळी हळहळत.

शेवटी दोन्ही पंचायतींनी एकमेकींना मान्यता दिली. एक जन्म आणि एक मृत्यू यांची देवाणघेवाण झाली, आणि राजदूत नेमायचं ठरलं. कुकडगोंदीने गोमाजींच्या एका चुलतभावाला बेलटोल्यातला राजदूत नेमलं. तो मुळातच बेलटोल्यात घरजावई म्हणून राहत होता. आता तो पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत राहायला गेला आणि भेटायला येणाऱ्यांनी खोकून यावं एवढी अट त्याने घातली. बेलटोल्याकडून कुकडगोंदीला अर्थातच भैय्याजी गेले.

नाल्यापर्यंत त्यांना वाजतगाजत नेण्यात आलं. टेकचंदने त्यांची वळकटी उचलली होती. कारण मोहिमेचा पहिला विषय 'बेबीबाईची परतपाठवणी' हाच होता.

"भैय्याजी, एवढं काम करा जी," तो म्हणाला. "बाकी काही नोको."

"चिंता नोको करू. पंधरा दिवसांत सोक्षमोक्ष."

राजदूताने उतरायचं कुठे? सरपंचाच्या घरी. सरपंचाच्या घरी स्वयंपाक कोण करणार? सरपंचाची माहेरी राहिलेली लेक. आणि लेकीने परक्या सत्तेच्या पाहुण्याला गावाची शोभा होईल असं जेवू घातलं पाहिजे, हे तर बेबीला तिच्या आईने शिकवलंच होतं.

भैय्याजींचे अहवाल येऊ लागले. ते नाल्यावरून हातोहात देणं शिष्टाचारात बसत नव्हतं, म्हणून टपालाने यायचे. कुकडगोंदीहून साकोली, साकोलीहून एसटीने फाट्यावर, फाट्यावरून बेलटोला. गोपनीय असल्यामुळे ते ओट्यावर मोठ्याने वाचले जात.

"वाटाघाटींची पहिली फेरी पार पडली," पहिल्या अहवालात होतं. "वातावरण सौहार्दाचं. लाखोळीच्या डाळीचे वडे होते. दुसऱ्या पक्षाने आणखी चार घ्या असा आग्रह केला, आपण तत्त्वाला धरून दोन घेतले."

पुढच्या अहवालात लिहिलं होतं, "काही मुद्द्यांवर मतभेद कायम. तलावाची मासोळी. रस्सा तिखट, परंतु तिखटामागील भावना मैत्रीची."

त्यानंतरच्यात, "चर्चा निर्णायक टप्प्यावर. खीर. मुक्काम वाढवावा लागेल."

टेकचंद ओट्याखाली उभा राहून ऐकायचा. वडे तर तिचेच. त्याला चव आठवायची, डाळीत ती जरा जाडसर मिरची ठेवायची तीसुद्धा. घरी जाऊन तो लगदा झालेला गचका भात खायचा, आणि मनकर्णाबाई म्हणायची, "खाय बाबू. तिकडं तुही बायको मुलुखाले जेवू घालून रायली, आन् तू पाहा."

त्याने मधुकररावांकडे धाव घेतली. "भैय्याजीले वापस बोलवा जी. थो बायको आणायले गेला का जेवायले?"

मधुकररावांचा चेहरा गंभीर झाला. "राजदूत वापस बोलावणं म्हणजे संबंध तोडणं. संबंध तुटले तर तुही बायको कशी येईन? तुह्याच भल्यासाठी थो जेवून रायला."

टेकचंद पुन्हा ओट्याखाली जाऊन उभा राहिला. भैय्याजींच्या सदऱ्याची बटणं तुटू लागल्याचा अहवाल आला तेव्हाही तो तिथेच उभा होता.

दुसऱ्या वर्षी, म्हणजे एकोणऐंशीच्या आषाढात, संबंधांत खरीखुरी प्रगती झाली. रोवणीला बेलटोल्यात बाया कमी पडल्या. पूर्वी कुकडगोंदीच्या बाया यायच्या. फाळणीपासून ते बंद होतं. आता बांधीत चिखल तयार, पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, हातभर वाढलेले, आणि लावायला हात नाहीत. भात कोणत्याही धोरणापेक्षा आधी पिवळा पडतो. तेव्हा 'रोवणी सहकार्य करार' झाला. कुकडगोंदीच्या बाया सकाळी मोजून आत घ्यायच्या, संध्याकाळी मोजून बाहेर सोडायच्या.

टेकचंदच्या बांधीत ज्या बाया आल्या त्यांत लुगड्याचा काचा मारलेली बेबी होती.

तो धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, पऱ्ह्याच्या जुड्या घेऊन उभा होता. ती त्याच्याच शेतात, त्याच्याच चिखलात, वाकून मागे मागे सरकत धान लावत होती. बाया गाणं म्हणत होत्या आणि मधून मधून तोंडाला पदर लावून हसत होत्या. टेकचंदच्या हातून एक जुडी चिखलात पडली.

"काय पाहून रायले?" बेबी वर न पाहता म्हणाली. "पऱ्हे फेका इकडं."

त्याने फेकले. मग हळूच विचारलं, "बरी हायेस?"

"बरी हावो. तुमी वाळले."

"माय म्हणते, तू कधी येशीन?"

"माय म्हणते? तुमी नाही म्हणत?"

बाया खिदळल्या. टेकचंद लाल झाला. "म्हणतो ना मी बी. पण निरोप..."

बेबी सरळ उभी राहिली. कोपरापर्यंत चिखल, कपाळावर चिखलाचा एक टिपका. "दोन वर्सं झाले. नाल्याच्या त्या काठाले तुमी रोज उभे राहता. मी रोज पाणी भरतो, घरी भरला गुंड सांडून पुन्हा भरतो. याच्याहून मोठा निरोप तुमाले काय पाह्यजे, बाप्पा?"

टेकचंदने पुढची जुडी फेकली. तो म्हणाला, "भैय्याजी म्हणते चर्चा निर्णायक टप्प्यावर हाये."

"चर्चा काल चार वाट्या खीर खाऊन झोपली," बेबी म्हणाली आणि पुन्हा वाकली.

संध्याकाळी धुऱ्यावर मोजणी झाली. जेवढ्या बाया आल्या तेवढ्या परत जायला हव्या होत्या, त्यामुळे परत गेल्या. मोजणी करणारा गडी टेकचंदला म्हणाला, "तुह्या शेतातल्या बराबर भरल्या गा. सही कर." टेकचंदने आपली बायको परत गेल्याबद्दल सही केली.

त्या दिवसापासून मात्र तो ओट्यावर गप्प बसेना. इतका सारखा पाठीस लागला की मधुकररावांना जेवण पचेना, आणि तिकडे बेबी भैय्याजींच्या पानात आळणी भाजी वाढू लागली. दोन्ही राष्ट्रांवर असा एकाच वेळी दबाव आल्यामुळे शिखर परिषद भरवण्याचा ऐतिहासिक निर्णय झाला.

परिषद दिवाळीनंतर, मंडईच्या आदल्या दिवशी, नाल्यातच ठेवली. कोणी कोणाच्या गावी जायचं हा प्रश्न त्यामुळे मिटला आणि आधी नाल्यात कोणी उतरायचं हा सुरू झाला. अखेर दोन्ही सरपंच पाठमोरे उतरले, म्हणजे कोण आधी आलं हे दुसऱ्याने पाहिलं असं होऊ नये. वाळूवर मांडव घातला होता. टेबलाचे दोन पाय ह्या बाजूला, दोन त्या बाजूला. मधून पाण्याची धार वाहत होती, ती चर्चेच्या काळापुरती अडवावी असा ठराव आला होता. पण धार तहकूब होईना.

दोन्ही काठांवर सारं गाव लोटलं. फुगेवाला आला, चिवड्याची दुकानं लागली. टेकचंद 'पीडित पक्ष' म्हणून मधुकररावांच्या मागे नवीन धोतरात उभा होता. समोर सासरा होता. दोन वर्षांनी दोघे एवढे जवळ आले होते, आणि जावयाला पाहून गोमाजींचे डोळे भरून आले. पण ते अधिकृत भूमिकेत असल्यामुळे त्यांनी ते धूळ गेल्यासारखे पुसले.

"आमची भूमिका साफ हाये," गोमाजी म्हणाले. "लेक तयार हाये. पहिले त्यायनं न्यायले यावं."

"आमी बी तयार हावो," मधुकरराव म्हणाले. "पहिले त्यायनं अधिकृत निरोप धाडावा."

"आमी निरोप धाडला आन् कोणी आलंच नाही तर? माह्या गावाची इज्जत?"

"आमी आलो आन् तुमी म्हटलं, निरोप नव्हता, कायले आले? तर माह्या गावाची?"

भैय्याजी उठले. दोन्ही पक्षांचं मीठ खाल्लेले तेच एक होते. त्यांनी मध्यममार्ग सुचवला: निरोप आणि न्यायला येणारा माणूस एकाच क्षणी निघतील आणि टेबलाच्या बरोब्बर मधोमध एकमेकांना ओलांडतील. टाळ्या पडल्या. मग एकच क्षण म्हणजे कोणाच्या घड्याळाचा, यावर चर्चा सुरू झाली. पंचायतीचं घड्याळ एकच होतं. त्याचा तासकाटा बेलटोल्याला मिळाला होता आणि मिनिटकाटा कुकडगोंदीला.

ऊन डोक्यावर आलं. चिवडा संपला. तेवढ्यात कुकडगोंदीच्या काठावरची गर्दी दुभंगली, आणि डोक्यावर गाठोडं घेतलेली बेबी उतारावरून खाली आली. ती वाळूतून चालत सरळ टेबलापर्यंत आली. टेबल वाटेत होतं.

"बाबा, जरा पाय घ्या," ती म्हणाली.

गोमाजींनी सवयीने पाय घेतले. ती मधुकररावांच्या खुर्चीमागून निघाली, आणि टेकचंदसमोर येऊन थांबली.

"चाला ना. उभे कायले?"

"निरोप...?" टेकचंदच्या तोंडून निघून गेलं.

"गाठोडं धरा," बेबी म्हणाली.

त्याने गाठोडं घेतलं. दोघं चढ चढून गावात गेली. दोन्ही काठांवरच्या शेकडो माना त्यांच्यामागे वळल्या. फुगेवाल्याचा एक फुगा फुटला तेव्हा कुठे लोकांना श्वास घ्यायचं सुचलं.

परिस्थिती भयंकर होती. न बोलावता, न धाडता, न नेता, एक बाई एका गावातून दुसऱ्या गावात गेली होती. असंच व्हायला लागलं तर दोन गावांच्या संबंधांचं काय राहणार? राजदूत काय खाणार? गोमाजींचं नाक गेलं होतं, मधुकररावांचंही गेलं होतं. आणि आयुष्यात पहिल्यांदाच दोघांचं नुकसान समसमान असल्यामुळे दोघांचं एकमत झालं. मांडव उतरायच्या आत भैय्याजींनी संयुक्त जाहीरनामा वाचून दाखवला:

"चर्चा अत्यंत मोकळ्या वातावरणात झाली. बेबीबाई बेलटोल्यास आलेली नाही, आणि कुकडगोंदीहून गेलेली नाही, याबद्दल उभय पक्षांत पूर्ण एकमत आहे. तिच्या परतपाठवणीच्या वाटाघाटी यापुढेही चालू राहतील."

दोन्ही काठांवर टाळ्यांचा कडकडाट झाला. सरपंच एकमेकांच्या गळ्यात पडले. इतके चांगले संबंध या दोन गावांचे कधी नव्हते, आणि ते तसेच राहिले. दरवर्षी मंडईच्या आदल्या दिवशी परिषद भरू लागली. टेकचंद पीडित पक्ष म्हणून हजर राहायचा, बायको परत यावी अशी कळकळीची मागणी करायचा, पंगतीला बसायचा आणि घरी येऊन बायकोला जेवणात काय होतं ते सांगायचा.

"आज काय ठरलं?" ती विचारायची.

"तू लवकरच येशीन, अशी आशा व्यक्त झाली."

"बरं झालं. हात धुवा, पान वाढतो."

पुढच्या पावसाळ्यानंतर त्यांना मुलगी झाली. मधुकररावांनी कुकडगोंदीहून जन्माचं रजिस्टर मागवून प्रेमाने स्वतः नोंद केली. बापाचं नाव: टेकचंद. आईचं नाव, या रकान्यात त्यांनी बराच विचार करून लिहिलं: वाटाघाटी चालू.

एक्क्याऐंशीच्या फेब्रुवारीत जनगणना आली. साकोलीकडचे एक गुरुजी खांद्याला पिशवी अडकवून घरोघर फिरत होते. ते टेकचंदच्या ओसरीत बसले. बेबीने त्यांना पाणी दिलं, चहा दिला, लेकीला मांडीवर घेऊन समोर बसली.

"घरात बाया किती?" गुरुजींनी विचारलं.

"दोन," बेबी म्हणाली. "मी आन् सासूबाई. आन् हे लहान पोरगी."

गुरुजींनी पेन्सिल थांबवली. ते पंचायतीतून चहा घेऊनच आले होते. "तुमचं नाव बेबीबाई का?"

"हाव."

"तुमी तर कुकडगोंदीले आहा."

"मी इथं हावो ना गुरुजी! तुमच्यासमोर बसली हावो."

"ते मी पाहून राहिलो, बाई. चहा बी चांगला केला तुमी," गुरुजी ओशाळून म्हणाले. "पण कुकडगोंदीले विचारलं तर ते म्हणतात लेक गेलेली नाही, पण लग्न झालेली, सासरीच मोजा; इथले म्हणतात सून आलेलीच नाही, माहेरी मोजा. दोन्ही सरपंचांच्या सह्या आहेत. मी तुम्हाला कोणत्या गावात लिहू?"

बेबीने नवऱ्याकडे पाहिलं. तिच्या कपाळाला आठी पडली होती, आणि ती पहिल्यांदाच खरी घाबरलेली दिसत होती. "अवो, सांगा ना तुमी यायले. मी आली का नाही आली?"

टेकचंदने तोंड उघडलं. त्याच्या डोळ्यांसमोर नाला आला, गचका भात आला, चिखलातली बेबी आली. मग येत्या मंडईची परिषद आली. पीडित पक्षाला या वर्षीपासून खुर्ची मिळणार होती.

"गुरुजी," तो म्हणाला, "आशा तर हाये जी."

गुरुजींनी मनकर्णाबाई ही एक बाई आणि लहान मुलगी एक असं लिहिलं, उरलेला चहा संपवला, बेबीला नमस्कार केला आणि ते पुढच्या घरी गेले. त्या साली आपल्या देशाची लोकसंख्या किती भरली ते तुम्ही वाचलंच असेल. तीत एक बाई कमी आहे.

तुम्ही आता बेलटोल्याला हसून घेतलं असेल. हसा. पण बेबीबाई अधूनमधून लेकीला कडेवर घेऊन साकोलीला येते. आपण आहोत असं कोणीतरी लिहून द्यावं म्हणून ती कचेऱ्यांच्या पायऱ्या चढते. एखाद्या दिवशी ती तुमच्याही टेबलासमोर उभी राहील आणि म्हणेल, "मी बेबीबाई." तुम्ही तिच्या तोंडाकडे पाहणार नाही. हात तेवढा पुढे कराल आणि विचाराल, "कागद?"